एदिल्माबाईंची कुलूपबंद शर्यत

तोता तळ्याच्या वरच्या अंगाला, जिथे पातीच्या कांद्याचे वाफे संपतात आणि नुसतं गवत, धुकं आणि वारा सुरू होतो, तिथे सान इसिद्रोची शाळा आहे. खोली एक, इयत्ता पाच आणि पाचांना मिळून बाई एक. एदिल्मा तिबादुइसा. वाडीतली पोरं त्यांना नुसतं 'बाई' म्हणतात आणि पोरांचे आई-बापही बाईच म्हणतात, कारण त्यांतल्या निम्म्यांनी पाढे त्यांच्याच समोर बसून पाठ केलेले.

एदिल्मा त्याच डोंगरात जन्मली. घरी गायी होत्या. ताजं पनीर केळीच्या पानात बांधून खाली गावात पोचवायचं काम तिच्याकडे. थोरल्या भावाची लोखंडी सायकल तिच्या उंचीला मोठी पडायची, तेव्हा ती दांड्याखालून पाय घालून वाकडी वाकडी चालवायची. जाताना सगळा उतार, येताना सगळा चढ. रोजच्या त्या चढाने तिच्या मांड्या अशा घट्ट झाल्या, की आई म्हणायची, या मुलीला घागरा शिवायचा तर कापड दीडपट लागतं.

सोळाव्या वर्षी खालच्या गावच्या जत्रेत पहिल्यांदाच मुलींची घाटशर्यत लावली. पुरुषांच्या शर्यतीत पहिल्या येणाऱ्याला नवी सायकल होती आणि मुलींच्यात पहिलीला प्रेशर कुकर. एदिल्मा पहिली आली. नुसती पहिली नाही, तर माथ्यावरचे पंच दुसरी मुलगी दिसायची वाट बघत रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले आणि तेवढ्यात एदिल्माने रुआना, म्हणजे लोकरी घोंगडी, अंगावर घेऊन गुळाचं गरम पाणी पिऊनही टाकलं. कुकर मागच्या कॅरिअरला बांधून ती घरी आली. बापाने झाकण उघडून आत पाहिलं, पुन्हा लावलं आणि, त्या डोंगरात लेकरांनाही सगळे अहो-जाहो करतात तसं, म्हणाला, "पुढच्या वेळी सायकल देतात का ते आधी विचारा."

पुढची वेळ आली नाही. मुलींना संघात घेणारं त्या काळी कोणी नव्हतं. दोन वर्षं ती भावाच्या मित्रांबरोबर चढ चढली, त्यांतल्या चौघांना मागे टाकलं आणि त्या चौघांतला एकजण संघात गेला. मग तिने शिक्षिकेचा अभ्यासक्रम धरला. सायकल मात्र सोडली नाही. सान इसिद्रोला नेमणूक झाल्यावरही ती रोज घरून शाळेत सायकलनेच यायची, पावसात, गारठ्यात, डोक्यावर लोकरी टोपी आणि पाठीवर वह्यांची पिशवी.

बाई म्हणून त्या चांगल्याच होत्या. वाचायला पोरं भराभर शिकत. गाडं अडायचं ते गणितात. बाई स्वतः लहानपणी फळ्यासमोर थरथर कापलेल्या होत्या, आणि दुसरी रीत ठाऊक नसल्यामुळे त्याही पोरांना फळ्यासमोरच उभं करत. मारत नसत, ओरडत नसत. पण फळा तो फळाच.

तिसरीत यूरानी नावाची मुलगी होती. एलिओदोरो चापार्रोची धाकटी. एलिओदोरो म्हणजे वाडीतलं मोठं प्रस्थ: पालकांच्या समितीचा अध्यक्ष, आवाज घोगरा, कांद्याच्या वाफ्यातून हाक मारली तर ती तळ्यापर्यंत जाईल असा. शिवाय तेहोच्या खेळात आसपासच्या वाड्यांत त्याला जोड नव्हती. चिकणमातीने भरलेल्या पेटीत लोखंडी कडं पुरलेलं असतं, कड्यावर फटाक्याच्या दारूच्या पुड्या ठेवलेल्या असतात आणि लांबून लोखंडी चकती फेकून ती पुडी फोडायची. पुडी फुटली तर तीन, चकती कड्याच्या आत बसली तर सहा, दोन्ही एकदम साधलं तर नऊ. खेळ शनिवारी असायचा, आणि एलिओदोरोचे नऊ झाले की तो बार ऐकून खालच्या रस्त्यावर लोक म्हणत, शनिवार झाला.

अशा बापाची ही मुलगी इतकी गप्प, की हजेरीला 'हजर' म्हणायची ते ओठांच्या आत. एके दिवशी बाईंनी तिला भागाकार सोडवायला फळ्याशी बोलावलं. यूरानी गेली, खडू घेतला, आणि उभी राहिली. बाई म्हणाल्या, सावकाश करा. ती उभीच. बाकीची पोरं आधी हसली, मग कंटाळली, मग आपापल्या कामाला लागली. बाईंनी तिला जागेवर जायला सांगितलं तरीही ती हलेना. सुट्टीची घंटा होईपर्यंत ती तशीच उभी होती. घंटा झाल्यावर तिने खडू जागेवर ठेवला, हात फ्रॉकला पुसले आणि घरी गेली. खडू घामाने ओला झाला होता. बाईंनी तो हातात घेऊन पाहिला, आणि त्यांना स्वतःचंच लहानपण आठवलं.

त्याच महिन्यात देशाची मोठी सायकल शर्यत सुरू होती. त्या दिवसांत त्या डोंगरात दुसरं काही चालत नाही. वाफ्यात रेडिओ, दूधगाडीत रेडिओ, चर्चच्या पायरीवरही रेडिओ. एका दुपारी शाळा सुटल्यावर बाई घरी निघाल्या तर एलिओदोरोच्या वाफ्याच्या कडेला बायका कांद्याच्या जुड्या बांधत होत्या आणि मधे रेडिओ ठेवलेला. निवेदक दम लागल्यासारखा ओरडत होता: पुढे निसटलेल्या दोघांत आणि मागच्या घोळक्यात इतकं अंतर, आता इतकं. आणि जुड्यांच्या ढिगामागून एक बारीक आवाज दर वेळी निवेदकाच्या आधी सांगत होता, अजून किती उरलं, याच वेगाने मागचे कधी गाठतील, गाठतील की नाही. आवाज यूरानीचा होता. मिनिटातून सेकंद वजा करत होती, किलोमीटरनी भागत होती. कोणी तिला विचारलेलं नव्हतं आणि कोणी तिच्याकडे बघतही नव्हतं.

बाई सायकलवरून उतरल्या नाहीत. एक पाय जमिनीला टेकवून थोडा वेळ ऐकत राहिल्या आणि निघून गेल्या. उरलेला सगळा चढ त्यांनी कधी चढला ते त्यांना कळलं नाही.

पुढच्या रविवारी त्या खाली सोगामोसो शहरात गेल्या, नेपोमुसेनोच्या सायकलदुकानात. नेपोमुसेनो म्हणजे त्यांनी एके काळी चढावर मागे टाकलेल्या चौघांपैकी एक. संघात गेलेला नव्हे, दुकान काढलेला. त्यांनी त्याच्याकडे आकड्यांची कुलपं मागितली, साखळीला लावतात तसली. त्याच्या दुकानात अशी बादलीभर पडली होती. लोक आकडा विसरतात, साखळी कापून घेतात आणि कुलूप तिथेच टाकून जातात.

"कोणती सायकल बांधताय एवढी?" त्याने विचारलं.

"शाळा बांधतेय," बाई म्हणाल्या.

तो हसला, पण दुपारभर त्यांच्याबरोबर बसला. एकेक कुलूप कानाशी धरून, चाकं फिरवून, दोघांनी त्यांचे आकडे शोधले. आकडे बदलता न येणारी ती जुनी कुलपं. म्हणजे उत्तर आधीच ठरलेलं, गणित मागून जुळवायचं. जन्मभर गणित आधी आणि उत्तर मागून अशी सवय. आता उलटी गंगा. बाईंना त्यात अशी मौज वाटू लागली, की त्या पोळी भाजताना, दात घासताना, चढ चढताना गणितं जुळवू लागल्या.

खेळ असा होता. वर्गातच घाटाची शर्यत. भिंतीवर डोंगराचं चित्र, त्यावर टप्पे. सकाळी पोरं आत आली की दाराला आतून साखळी आणि कुलूप. वर्गात ठिकठिकाणी बंद पेट्या: एकीत स्वारांच्या पाण्याच्या बाटल्या, एकीत पेरूच्या वड्या, एकीत दातेरी चाकं, आणि एका कोपऱ्यात तेहोची मातीची पेटी. प्रत्येक पेटीवर गणित, गणिताचं उत्तर म्हणजे कुलपाचा आकडा. पेटी उघडली की पुढच्या टप्प्याची चिठ्ठी. शेवटच्या टप्प्याला दाराचं कुलूप. मागच्या घोळक्याने गाठायच्या आत सगळ्यांनी बाहेर पडायचं. घोळका म्हणजे भिंतीवरचं घड्याळ. मागच्या दाराची किल्ली बाईंच्या खिशात असायची, कोणाला घाबरं झालं तर. शर्यतीत दोघे-तिघे घोळक्यातून निसटून पुढे पळतात त्याला तिथे 'फूगा' म्हणतात, आणि तुरुंगातून कोणी पळाला तर त्यालाही फूगाच. पोरांनी खेळाचं नाव तेच ठेवलं.

पहिला फूगा साफ फसला. पाचवीत दुवान नावाचा एक दांडगा मुलगा होता. हाताने चलाख, बापाचं मोटरपंपाचं काम बघून बघून तयार झालेला. त्याने पहिल्या पेटीचं गणित वाचलंही नाही. कुलूप कानाशी धरलं, चाकं हळूहळू फिरवली, टक आवाज आला, उघडलं. दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. पाचवीची पोरं त्याच्या मागे आरडाओरडा करत फिरली, तिसरी-चौथी त्यांच्या मागे, आणि पहिलीची शारित एका कोपऱ्यात रडू लागली, कारण तिला वाटलं सगळे बाहेर जाणार आणि आपण आत राहणार. दार उघडलं तेव्हा दुवानने दोन्ही हात वर केले, शर्यत जिंकल्यासारखे. यूरानी आपल्या बाकावरून उठलीच नव्हती.

बाईंनी त्याला रागावलं नाही. उलट म्हणाल्या, तुमचा कान चांगला आहे. पण घरी जाताना त्या फार खट्टू होत्या. आपण फळा काढून टाकला आणि त्याजागी दुवानला उभं केलं, एवढंच झालं, असं त्यांच्या मनाने घेतलं.

शर्यतीतलाच एक नियम त्यांच्या उपयोगी पडला. संघाची जी घड्याळी शर्यत असते, तिच्यात पहिल्याच्या वेळेला काही किंमत नसते. ठरलेल्या नंबरचा मागचा गडी रेषेवर पोचेल तेव्हा संघाची वेळ लागते. म्हणून जोरात पळणारालाच मागे वळून बघावं लागतं. बाईंनी सगळी गणितं मोडून पुन्हा जुळवली. आता एकाही कुलपाचा पूर्ण आकडा एका गणितात येईना. एक आकडा पहिलीच्या गणितातून, एक तिसरीच्या, एक पाचवीच्या. आणि कुलपांच्या चाकांत त्यांनी मेण भरून टाकलं, म्हणजे टक आवाज यायला नको.

दुसऱ्या खेळात दुवानने कुलूप कानाशी धरलं, बराच वेळ धरलं, आणि खाली ठेवलं. मग तो शारितसमोर गुडघ्यावर बसला. "तुमच्या बाटल्या किती झाल्या?" त्याने विचारलं. शारितने बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं, आणि त्याला थांबवून ठेवलं. वर्गातला सगळ्यात मोठा मुलगा वर्गातल्या सगळ्यात लहान मुलीच्या बोटांकडे श्वास रोखून बघतोय, हे बाईंनी त्या दिवशी पाहिलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

यूरानीचं हळूहळू जमलं. ती चिठ्ठी घेऊन टेबलाखाली जाऊन बसायची. तिथे फळा नव्हता, कोणाची नजर नव्हती. सोडवून झालं की हात फक्त बाहेर यायचा, कागदासकट. उत्तर चुकलं तर कुलूप उघडायचं नाही, एवढंच. कुलूप हसत नाही, सुस्कारा सोडत नाही, 'काल तर शिकवलं होतं' म्हणत नाही. उघडलं नाही तर चूक नक्की कोणाची हेही कळत नाही. सगळ्यांनाच आपापलं पुन्हा तपासावं लागतं. काही आठवड्यांनी यूरानी टेबलाखालून बाहेर येऊन बसू लागली. मग बाकावर. मग एकदा तिने दुवानच्या कागदात डोकावून बोट ठेवलं, की हातचा राहिलाय.

इकडे वाडीत कुजबुज सुरू झाली. पोरं घरी जाऊन कुलपांच्याच गोष्टी सांगत. वह्यांत पानंच्या पानं गणितं दिसेनात. पालकांची सभा भरली तेव्हा एलिओदोरो उभा राहिला.

"बाई, आम्ही पोरं शाळेत शिकायला पाठवतो," तो म्हणाला. "तुम्ही त्यांना कुलपं उघडायला शिकवताय. उद्या वाडीत कोणाच्या घरी चोरी झाली तर आम्ही आधी तिसरीच्या वर्गात चौकशीला येऊ."

सगळे हसले. बाईही हसल्या. मग म्हणाल्या, "शनिवारी या. सगळेच या. तुम्हालाही आत कोंडते."

शनिवारी कांद्याचं काम आटोपून लोक आले. चिखलाचे बूट दाराबाहेर काढून ठेवले, बायांनी उकडलेले बटाटे आणि शेंगा आणल्या, आणि एवढ्या माणसांनी खोलीत दाटी झाल्यावर ओल्या लोकरीचा आणि कांद्याचा वास भरून राहिला. बाईंनी मोठ्यांचे आणि पोरांचे मिसळून गट केले. यूरानी आपल्या बापाच्याच गटात आली. हे बाईंनी मुद्दाम केलं की चिठ्ठ्यांत तसं निघालं, हे कोणी विचारलं नाही. साखळी लागली, घड्याळ सुरू झालं.

मोठी माणसं पोरांहून वाईट खेळली. कोणी गणित पूर्ण वाचेना. दोघं जण एकाच कुलपाची दोन चाकं दोन दिशांना ओढू लागले. यूरानीची आई ब्लांका फ्लोर एका पेटीवर बसूनच राहिली, आणि सगळे तीच पेटी शोधत होते. पोरं मात्र सरावलेली. ती शांतपणे चिठ्ठ्या वाटून घेत होती, आणि आई-बापांना सांगत होती, आधी तुम्ही वाचा, मग बोला.

तेहोच्या कोपऱ्याशी आल्यावर एलिओदोरो खुलला. इथे दारूच्या पुडीऐवजी कागदाचा त्रिकोण होता आणि लोखंडी चकतीऐवजी वाळूची पिशवी, पण माती ती मातीच. चिठ्ठीत लिहिलं होतं: चार फेकी, चारही लागल्या पाहिजेत, बेरीज बरोबर पंधरा. एलिओदोरोने बाह्या वर केल्या. पहिल्या फेकीत तीन, दुसरीत तीन, तिसरीत तीन. चौथी त्याने अशी फेकली, की कागदही उडाला आणि पिशवी कड्याच्या आत जाऊन बसली. नऊ. बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्याने वळून पाहिलं, तर यूरानी मातीतून पिशवी काढत होती.

"पुन्हा टाकावं लागेल," ती हळूच म्हणाली.

"का? नऊ झाले ना."

"म्हणूनच. अठरा झाले. पंधराच हवेत. शेवटचे सहा पाहिजे होते."

एलिओदोरोने पिशवी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. आयुष्यात नऊ मिळवल्याबद्दल त्याला कोणी दोष दिला नव्हता. दुवानचा बाप मागून म्हणाला, कमी खेळायला शिका आता. पुन्हा चार फेकी झाल्या. या वेळी यूरानी शेजारी उभी राहून दर फेकीआधी सांगत होती, आता तीन, आता तीन, आता तीन, आता सहा. त्याने तिच्या म्हणण्याप्रमाणे टाकलं. तेच चार आकडे ओळीने कुलपाला लावले आणि पेटी उघडली.

शेवटी दार राहिलं. दाराचं कुलूप चार आकड्यांचं होतं. पहिला आकडा शारितच्या बाटल्यांचा: सात. मधले दोन आकडे मोठ्यांकडे होते: शिखरावर पुढच्या स्वारांत आणि घोळक्यात एक मिनिट दहा सेकंदांचं अंतर होतं, उतारावर त्यातले पंचेचाळीस सेकंद गेले, तर उरले किती सेकंद. शेवटचा आकडा यूरानीकडे: बहात्तर पेरूच्या वड्या नऊ स्वारांना सारख्या वाटायच्या, एकाला किती. मोठ्यांचं गणित एलिओदोरोने स्वतः केलं, शिसाची पेन्सिल जिभेवर ओली करून. पासष्ट. यूरानीचे आठ. चाकं फिरवली: सात, सहा, पाच, आठ. कुलूप हललं नाही.

घड्याळात थोडाच वेळ उरला होता. सगळे दाराशी गोळा झाले. कोणी साखळी ओढून पाहिली. शारितच्या बाटल्या पुन्हा मोजल्या, सातच भरल्या. मग सगळ्यांच्या नजरा यूरानीच्या कागदाकडे वळल्या. एलिओदोरो तोच घोगरा आवाज काढून म्हणाला, "भागाकार हिचा आहे. हिला भागाकार येत नाही, बाईंनीच सांगितलं होतं मला."

ते खरं होतं. बाईंनीच त्याला पूर्वी सांगितलं होतं, आणि आता त्या खिडकीशी हात घट्ट बांधून उभ्या होत्या. चूक कुठे आहे ते त्यांना दिसत होतं. एक शब्द बोलला असता तर मुलगी सुटली असती. त्या बोलल्या नाहीत. नंतर त्यांनी नेपोमुसेनोला सांगितलं, की सगळ्या आयुष्यात चढलेल्या चढांत तो एवढासा वेळ त्यांना सगळ्यात उभा चढ वाटला.

यूरानीने आपला कागद पाहिला. वरून खाली पाहिला. मग मान वर करून बापाकडे बघितलं.

"माझं बरोबर आहे, बाबा," ती म्हणाली. या वेळी आवाज ओठांच्या आत राहिला नाही. मागे भिंतीशी उभ्या असलेल्या शेवटच्या माणसापर्यंत गेला. "नऊ आठे बहात्तर. मी दोनदा पाहिलंय. तुम्ही तुमचं पाहा."

ब्लांका फ्लोरने पदराचं टोक तोंडाशी नेतात तसा रुआनाचा काठ तोंडाशी धरला. एलिओदोरोने मुलीकडे पाहिलं, मग आपल्या कागदाकडे. कागद डोळ्यांजवळ नेला. तिथे त्याने एक मिनिट दहा सेकंदांचे एकशेदहा केले होते, आणि त्यातून पंचेचाळीस वजा. त्याच्या ओठांनी 'साठ' असं म्हटलेलं पुढच्या रांगेतल्यांना दिसलं. पेन्सिल पुन्हा ओली झाली. सत्तरातून पंचेचाळीस गेले, पंचवीस.

तो कुलपाशी गेला. चाकांना हात लावला, आणि मागे घेतला. अहो-जाहो तर तिथे नेहमीचंच, त्यामुळे बोलण्यात नवं काही नव्हतं. पण ज्या तऱ्हेने तो बाजूला सरकला ते नवं होतं.

"या," तो म्हणाला. "कुलूप तुम्ही उघडा."

यूरानीने सात, दोन, पाच, आठ लावलं. साखळी खळकन खाली पडली. मागच्या घोळक्याने अजून गाठलेलं नव्हतं.

बाहेर अंगणात सगळे बटाटे आणि शेंगा खायला बसले. तिन्हीसांजेला तेहोच्या मैदानावर एलिओदोरोने स्वतःच विषय काढला. आपण मिनिटाचे शंभर सेकंद केले, हे त्याने कबूल केलं. आणि आपल्या मुलीने भर सभेत आपल्याला कागद तपासायला लावला, हे असं सांगितलं, की ऐकणाऱ्याला वाटावं याने आज नवांवर नऊ टाकलेत. पुढच्या शनिवारी त्याने तीच गोष्ट पुन्हा सांगितली, आणि तीत यूरानीचा आवाज आधीपेक्षा मोठा झाला होता. सभेत तो चोरीचं बोलला होता त्याची कोणी आठवण काढली, तर तो म्हणायचा, चोर परवडले, पण तिसरीतली पोरं नको.

मग खेळ बाईंचा एकटीचा राहिला नाही. ब्लांका फ्लोर आणि इतर बायांनी जुन्या लोकरीच्या तुकड्यांचा डोंगर शिवून दिला, भिंतभर, घाटाच्या वळणांसकट. दुवानच्या बापाने पेट्यांना कड्या बसवून दिल्या. तळ्याच्या पलीकडच्या वाडीतल्या शिक्षकांनी निरोप धाडला, की आम्हालाही पाहिजे. बाईंनी सगळा फूगा एका लाकडी खोक्यात भरला आणि दूधगाडीवर चढवून दिला. तो परत आला तेव्हा त्यात पलीकडच्यांनी जुळवलेली फुटबॉलची गणितं होती. त्यानंतर ते खोकं कुठे कुठे फिरत राहिलं. खालच्या गरम मुलखातल्या एका शाळेने तर पोहण्याची शर्यत घातली त्यात, आणि सान इसिद्रोच्या पोरांनी ती मोठ्या नवलाने सोडवली, कारण तळ्यात उतरायची हिंमत त्यांच्यात कोणाचीच नव्हती, पाणी बर्फासारखं.

सोगामोसोला शिक्षकांचा मेळावा भरला तेव्हा बाईंना बोलावणं आलं. गाडी पाठवतो म्हणाले. बाई सायकलनेच गेल्या. दोनशे शिक्षकांसमोर बोलायचं म्हणजे त्यांना पुन्हा फळ्यासमोर उभं राहिल्यासारखं झालं, म्हणून त्या फार बोलल्याच नाहीत. सभागृहाच्या दाराला आतून साखळी लावली, कुलपं वाटली आणि खाली बसल्या. शिक्षक दुपारच्या जेवणाला उशिरा पोचले.

यूरानी पाचवीत गेली त्या वर्षी, शाळा संपायच्या शेवटच्या दिवशी, बाई सकाळी वर्गात शिरल्या तर आत कोणीच नव्हतं. त्यांच्या पाठीमागे दार लागलं आणि साखळीचा आवाज झाला; कुलूप तेवढं फटीतून आत लोंबत होतं. टेबलावर चिठ्ठी होती, यूरानीच्या अक्षरात. खेळ पाचवीच्या पोरांनी केला होता, आणि मागच्या दाराची किल्ली बाईंच्या खिशातून आदल्या दिवशीच गेलेली होती.

बाईंनी पहिल्या पेट्या झपाझप उघडल्या. शेवटच्या गणितात एक स्वार होता, जो चढावर एका वेगाने जातो, माथ्यावर गुळाचं पाणी प्यायला थांबतो आणि उतारावर दुप्पट वेगाने येतो. बाईंनी उत्तर काढलं. कुलूप उघडेना. पुन्हा काढलं, पुन्हा तेच. बाहेर भिंतीला चिकटून पोरं उभी होती. त्यांच्या बुटांची चुळबूळ, एखादं दाबलेलं हसू ऐकू येत होतं. बाईंनी हाक मारून विचारलं, गणित बरोबर आहे ना तुमचं.

"बरोबर आहे, बाई," यूरानीचा आवाज आला. "आम्ही सगळ्यांनी तपासलंय."

एकानेही काही सुचवलं नाही. बाई लहान मुलांच्या खुर्चीत बसल्या, टोपी काढली, गुडघे टेबलाला लागत होते, आणि त्यांनी गणित वाचायला घेतलं, पहिल्या शब्दापासून. स्वार माथ्यावर थांबला होता तो वेळ त्यांनी धरलाच नव्हता. सायकल चालवणाऱ्या बाईंना थांबण्याचा हिशेब सुचला नाही, असं पोरं नंतर म्हणाली.

त्या बाहेर आल्या तेव्हा मागचा घोळका त्यांना केव्हाच गाठून पुढे गेलेला होता. दुवान, जो आता खालच्या गावातल्या मोठ्या शाळेत जात होता, मुद्दाम त्यासाठी वर आला होता. त्याने हातातलं घड्याळ दाखवून वेळ सांगितली. लोकरीच्या डोंगराशेजारी भिंतीवर एकेका इयत्तेने वेगळ्या खेळलेल्या शर्यतींच्या वेळा लिहिलेल्या असत, सगळ्यात कमी वेळ सगळ्यात वर. पोरांनी बाईंची वेळ लिहिली ती तिसरीच्या खाली, दुसरीच्या जरा वर.

दर जानेवारीत शाळेची भिंत चुन्याने रंगवतात. रंगवायला एलिओदोरोच येतो. एदिल्माबाई शेजारी उभ्या राहतात आणि त्याला सांगतात, माझ्या वेळेची एवढी ओळ सोडून रंगवा.